रानातला मुक्काम, घराची परंपरा

दिवाळी सरते, भाताची मळणी आटोपते आणि गोमंतकाचे आकाश निवळते. याच दिवसांत जोडून आलेली सुटी साधून अनेक कुटुंबे गाडीत तंबू, चटया आणि पाण्याचे कॅन भरून मोले, नेत्रावळी किंवा काणकोणच्या दिशेने निघतात. एके काळी तंबूतला मुक्काम ही गिर्यारोहकांची आणि बालवीरांची गोष्ट होती. आता तंबू बाजारात सहज मिळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत उभाही राहतो. दोन दिवसांनी मंडळी परततात, दवाने ओला झालेला तंबू गच्चीवर वाळत पडतो, मोबाइलमध्ये दोनशे छायाचित्रे साठतात. मात्र वर्षभराने त्या घरातल्या मुलाला विचारले, तर कोणत्या नदीकाठी राहिलो होतो हेही त्याला नीट सांगता येत नाही.

याउलट, ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजीकडे लहानपणीच्या आवळीभोजनाचा विषय काढून पाहावा. झाड कोणाच्या भाटात होते, हंडा कोण उचलून नेई, पत्रावळी कोण मांडी, जेवणे झाल्यावर कोणती काकी गाणे म्हणे, हे सारे ती कालपरवा घडल्यासारखे सांगते. सत्तर वर्षांपूर्वीची ती दुपार तिला आठवते, कारण ती एकच दुपार नव्हती. ती दरवर्षी येत असे. तेच झाड, तीच माणसे, तोच क्रम. सहल होते आणि संपते. परंपरा पुन्हा येते आणि पुन्हा येते म्हणूनच मनात मुरते.

तंबूतल्या मुक्कामाला असे पुन्हा पुन्हा येणारे रूप कसे देता येईल, त्यासाठी काय लागते आणि गोव्याच्या रानात वा किनाऱ्यावर ते करताना कोणती पथ्ये पाळावी लागतात, याचा हा विचार.

रानात जेवायला जाण्याची जुनी रीत

कुटुंबाने घर सोडून उघड्यावर दिवस काढणे गोमंतकाला नवे नाही. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत आवळीच्या झाडाखाली पंगत मांडण्याची प्रथा कोकण-गोव्यात पूर्वापार आहे. काही देवस्थानांतून देवाची पालखीही वनभोजनाला निघते. शास्त्राने या जेवणाला पुण्याची जोड दिली. पण पावसाळाभर घरात कोंडलेल्या माणसांना, विशेषतः स्त्रियांना आणि मुलांना, मोकळ्यावर आणणारा तो दिवस होता, हेही तितकेच खरे.

सासष्टीतील ख्रिस्ती कुटुंबांमध्ये याच जातीची दुसरी रीत होती. तिचे नाव 'मुदांस'. पोर्तुगीजमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ बदल, जागापालट. मे महिन्याच्या उकाड्यात मडगाव आणि आसपासच्या गावांतील कुटुंबे भांडीकुंडी आणि तांदूळ बैलगाडीत घालून कोलव्यासारख्या किनारी गावी मुक्कामाला जात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातील स्नानाने दुखणी बरी होतात, ही समजूत त्यामागे होती. दुखणी किती बरी होत, हा प्रश्न वेगळा. पण एरवी आपापल्या कामात बुडालेली माणसे त्या दिवसांत एकमेकांच्या वाट्याला येत, हा लाभ निश्चित होता.

पौष महिन्यात गावोगावच्या स्त्रिया रात्री मांडावर जमून धालो खेळतात, तीही एका अर्थाने उघड्या आकाशाखालची परंपराच. मांड ठरलेला, रात्री ठरलेल्या, आरंभ कसा करायचा आणि शेवट कसा, तेही ठरलेले. लेखी नियम एकही नाही, तरी क्रम चुकत नाही. कारण लहान मुलगी आईच्या शेजारी उभी राहून तो अंगी बाणवते.

या तिन्ही रीतींची प्रयोजने निरनिराळी असली, तरी घडण सारखी आहे. काळ ठरलेला, जागा ठरलेली, क्रम ठरलेला आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही काम. आजच्या कुटुंबाला नवी परंपरा घालायची असेल, तर तिला याहून वेगळे काही लागत नाही.

नित्यक्रम आणि परंपरा

रोज रात्री साडेआठला जेवायला बसणे हाही घरचा नेमच असतो. मग त्याला परंपरा का म्हणू नये? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बार्बरा फीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कुटुंबांतील नित्यक्रम व परंपरा यांविषयीच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात हा भेद नेमका सांगितला आहे. नित्यक्रम काय करायचे आहे ते सांगतो. परंपरा आपण कोण आहोत ते सांगते. नित्यक्रम उरकला की मनात फारसे काही उरत नाही. परंपरेचा मात्र ठसा राहतो, आणि एखाद्या वर्षी ती चुकली तर काहीतरी हरवल्यासारखे वाटते.

अटलांटा येथील एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी याच विषयाला वेगळ्या बाजूने हात घातला. त्यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी केली. आजी-आजोबा कोठे वाढले, आईवडिलांची पहिली भेट कशी झाली, तुमच्या जन्माच्या वेळी काय घडले, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. ज्या मुलांना आपल्या घराविषयी अधिक ठाऊक होते, त्यांच्यात आत्मविश्वास अधिक आढळला आणि आपले आयुष्य आपल्या हाती आहे ही जाणीवही अधिक दिसली. याचा अर्थ ही उत्तरे पाढ्यांसारखी घोकून घ्यावीत असा नव्हे. महत्त्व उत्तरांपेक्षा ती ज्या रीतीने मुलापर्यंत पोहोचतात त्या रीतीला आहे. ती मिळतात जेवणाच्या पानावर, लांबच्या प्रवासात, सणाच्या तयारीत; म्हणजे मोठी माणसे घाईत नसतात तेव्हा.

नेमकी हीच वेळ आजच्या घरात दुर्मीळ झाली आहे. आईवडील दोघेही कामाला, मुलांची शाळा आणि शिकवणी, रात्री प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा. घरात सगळे असतात, पण रिकामे कोणी नसते. तंबूतल्या मुक्कामाचे खरे मोल निसर्गसौंदर्यात जितके आहे, तितकेच या रिकामपणात आहे. अंधार पडल्यावर तिथे करण्यासारखे काही उरत नाही, आणि मग माणसे बोलू लागतात.

रात्रीचे बोलणे वेगळे असते

हे रात्रीचे बोलणे दिवसाच्या बोलण्याहून खरोखरच निराळे असते. मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी आफ्रिकेतील कलहारी वाळवंटातील जुहोआन्सी या शिकारी समाजाच्या संभाषणांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाच्या बोलण्यात कामधंदा, तक्रारी आणि उखाळ्यापाखाळ्या यांचा भरणा होता. गोष्टी सांगण्याचे प्रमाण अवघे ६ टक्के होते. रात्री शेकोटीभोवती मात्र ८१ टक्के संभाषणे गोष्टींची होती. दूरच्या नातलगांच्या, जुन्या प्रवासांच्या, पूर्वजांच्या. दिवस पोटाची व्यवस्था लावतो आणि रात्र माणसांना एकमेकांशी बांधते, असे त्या आकड्यांवरून म्हणता येते.

गोमंतकीय घरांत या रात्रींना आणखी एक महत्त्व आहे, ते भाषेचे. मुलाचा शाळेतला दिवस बहुधा इंग्रजीत जातो आणि करमणूक हिंदी-इंग्रजीत होते. घरात मराठी किंवा कोकणी बोलली जाते, पण ती 'जेव', 'नीज', 'अभ्यास कर' एवढ्यापुरती उरते. गोष्ट सांगायची तर भाषेला लांब श्वास घ्यावा लागतो. आजोबा साकव ओलांडून शाळेत कसे जात, पुराच्या वर्षी गोठ्यातली गुरे कशी वाचवली, हे सांगताना जे शब्द येतात ते पाठ्यपुस्तकात नसतात. रानात तर शब्दांना समोर वस्तूही मिळते. किंदळ, कुंभा, सावर, भेरली माड ही नावे ऐकून विसरली जातात. पण दरवर्षी त्याच किंदळीच्या बुंध्याला हात लावणारे मूल ते नाव विसरत नाही. अंधारात एकसुरी आवाज करणारा पक्षी रातवा असतो, हे एकदा कळले की पुढच्या वर्षी तो आवाज ओळखीचा होतो.

सुरुवात लहान असावी

परंपरा घोषणा करून सुरू होत नाही. ती पहिल्या वर्षी सहज घडते, दुसऱ्या वर्षी आठवणीने केली जाते आणि तिसऱ्या वर्षी मुलेच विचारतात, 'यंदा कधी जायचे?' म्हणून पहिल्या वर्षी दहा गोष्टींचा घाट घालू नये. दोन-तीन पुरतात. मात्र त्या सोप्या, कमी खर्चाच्या आणि कोणत्याही ठिकाणी करता येण्याजोग्या असाव्यात.

पहिली गोष्ट तारखेची. 'जमेल तेव्हा जाऊ' म्हटले की जमत नाही. एखादी तिथी किंवा वार कायमचा ठरवावा. डिसेंबरातला दुसरा शनिवार यासाठी फार सोयीचा आहे. पाऊस नाही, उकाडा नाही आणि हा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखांच्या दरम्यान येतो. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीच्या दिशेने होणारा उल्कावर्षाव ऐन भरात असतो. फेथन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी जाते, तेव्हा या उल्का दिसतात. चांदणे नसेल आणि आकाश पुरेसे काळोखे असेल, तर तासाला पन्नासहून अधिक उल्का दिसू शकतात. चटईवर उताणे पडून त्या मोजायच्या आणि आकडा वहीत लिहायचा, एवढीही परंपरा पुरेशी आहे. एखाद्या वर्षी चांदणे असेल आणि आकडा सातच भरेल, तोही लिहावा.

त्याच आकाशात मुलांना मृग दाखवता येतो. तीन ठळक ताऱ्यांचा बाण आणि त्याच्या रेषेत पुढे लखलखणारा व्याध ओळखायला दुर्बीण लागत नाही. ज्या मृगाची वाट शेतकरी आजोबा जूनमध्ये पाहत, तो हाच. जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते तेव्हा दिसत नाही. डिसेंबरात ते संध्याकाळी उगवून जवळजवळ रात्रभर आकाशात असते. पाऊस, पेरणी आणि तारे यांचा हा सांधा एका वाक्यात कळतो आणि आजोबांच्या बोलण्यातले 'मिरग' मुलाला प्रथमच डोळ्यांनी दिसते.

दुसरी गोष्ट जेवणाची. मुक्कामाचा एक पदार्थ ठरलेला असावा आणि तो वर्षातून त्याच रात्री व्हावा. गोमंतकीय कुटुंबाला यासाठी दूर जायला नको, खतखते आहेच. भोपळा, सुरण, रताळी, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, तूरडाळ, नारळाचे वाटण आणि तिरफळे असे सारे एका टोपात शिजते. प्रत्येकाने एक भाजी निवडून आणायची, ती स्वतः चिरायची आणि टोपात घालायची, असा नेम केला तर सहा वर्षांच्या मुलाचीही त्यात भाजी पडते. एखाद्याने दरवर्षी मुळाच आणला, तर त्याला घरात वर्षभर चिडवता येते. चिडवण्याचे असे विषय हेही कुटुंबाचे धन असते. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याचे लोणचे असले की न्याहारीचा प्रश्न मिटतो.

तिसरी गोष्ट वहीची. साध्या जाड पुठ्ठ्याची एक वही केवळ मुक्कामासाठी ठेवावी. तारीख, ठिकाण, कोण कोण होते, काय पाहिले, काय बिघडले, एवढे तिथेच लिहावे. अक्षर न येणाऱ्याने चित्र काढावे. काय बिघडले हा रकाना विशेष महत्त्वाचा. तंबूचे खुंटे घरीच राहिले, मीठ विसरले, मध्यरात्री एक गाढव जवळ येऊन ओरडले आणि सगळे घाबरले, असल्या नोंदीच पुढे सर्वांत आवडीने वाचल्या जातात. दरवर्षी रात्रीच्या गप्पांना सुरुवात करण्यापूर्वी मागच्या वर्षीचे पान मोठ्याने वाचावे. पाच-सहा वर्षांत ती वही घराचे बखरीसारखे दप्तर होते.

गोष्टी सांगायला मोठ्यांना संकोच वाटत असेल, तर एक सोपी युक्ती आहे. निघण्यापूर्वी मुलांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहावेत आणि रात्री एकेक चिठ्ठी उचलली जावी. 'तुला सर्वांत जास्त मार कोणत्या कारणाने बसला?' किंवा 'आपले जुने घर का सोडले?' अशा प्रश्नांची उत्तरे एरवी कोणी देत नाही. उत्तर देणाऱ्याच्या हाती कंदील द्यावा आणि कंदील ज्याच्या हाती त्याचे बोलणे कोणी तोडू नये, हा एकच नियम पुरतो.

पहिली रात्र कोठे काढावी, याचेही उत्तर जवळच आहे. लहान मुले असलेल्या कुटुंबाने पहिला मुक्काम थेट जंगलात करू नये. घरचे अंगण, पोरसू किंवा नातलगाचे कुळागर ही उत्तम जागा. माडापोफळींच्या सावलीत, वाहत्या पाटाच्या आवाजात तंबू लावला की मुलांना रान मिळते आणि पाऊस, ताप किंवा भीती यांपैकी काहीही आले तर घर पन्नास पावलांवर असते. कुळागरातल्या मुक्कामाचा आणखी एक लाभ म्हणजे सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबाही त्यात येऊ शकतात. ज्यांच्या गोष्टी ऐकायच्या, तेच घरी राहिले तर मुक्कामाचे निम्मे प्रयोजन संपते.

चूल कोणाच्या वाट्याला?

कुटुंबाच्या सहलीत एक गोष्ट वारंवार दिसते. पुरुष तंबू ठोकतात, छायाचित्रे काढतात आणि विसावतात. मुले पाण्यात खेळतात. आणि घरातली स्त्री घरच्यासारखीच स्वयंपाकाला लागते, फक्त ओट्याऐवजी जमिनीवर बसून. तिच्या दृष्टीने ती सुटी नसते, ती गैरसोयीच्या जागी केलेली तीच नोकरी असते. अशी परंपरा दोन वर्षांत कंटाळवाणी होते आणि तिसऱ्या वर्षी 'नको बाई, त्यापेक्षा हॉटेलात जाऊ' या वाक्यात तिचा शेवट होतो.

जुन्या वनभोजनातही राबणाऱ्या बहुतेक बायकाच असत. त्या रीतीतला एवढा भाग मात्र पुढे चालवण्याचे कारण नाही. कामे वाटून द्यावीत आणि ती वाटणीही परंपरेचा भाग करावी. पाणी आणणे, भाजी चिरणे, टोप चढवणे, भांडी घासणे, कचरा गोळा करणे अशा चिठ्ठ्या टाकून वर्षाची कामे ठरवता येतात. ज्या घरात वडील वर्षातून निदान त्या एका सकाळी पेज रांधतात, त्या घरातल्या मुलाला परंपरेबरोबर आणखी एक धडा न सांगता मिळतो. दहा-बारा वर्षांच्या मुलावर एखादे काम पूर्णपणे सोपवावे आणि ते चुकले तरी हिसकावून घेऊ नये. तंबू वाकडा लागला तर एक रात्र वाकड्या तंबूत काढता येते. पण जे मुलाच्या हातचे नाही, ते पुढे त्याचे होत नाही.

विस्तव, कासवे आणि कायदा

शेकोटीशिवाय तंबूतला मुक्काम कसला, असे अनेकांना वाटते. गोव्यात मात्र या कल्पनेला आवर घालावा लागतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि लगतच्या भागात वणवे पेटले, तेव्हा ते विझवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले होते. फेब्रुवारीपासून पानगळीचा जाड थर रानात साचतो आणि एक ठिणगीही पुरते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने तिथे विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडणे हा गुन्हा आहे. अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो आणि वन खात्याच्या परवानगीविना तिथे मुक्काम करता येत नाही. बोंडल्यासारख्या ठिकाणी खात्याची निवासव्यवस्था आहे. कुटुंबासाठी तीच सुरक्षित.

किनाऱ्यावरही मोकळीक नाही. पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी राज्यात २००१ चा कायदा आहे आणि २०१९ मधील दुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे व मद्यपान करणे दंडनीय ठरले. शिवाय मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे. हिवाळ्यात माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाच्या रोखाने समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर कृत्रिम दिवे असले तर ती चुकून उलट दिशेला, जमिनीकडे वळतात. या किनाऱ्यांवर रात्री तंबू आणि दिवे न लावणे, हीच त्या प्राण्याशी राखायची माणुसकी.

मग शेकोटीचे काय? स्वतःच्या किंवा परिचिताच्या जागेत, पालापाचोळा चार हात दूर सारून, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या ठेवून लहानशी शेकोटी करता येते. झोपण्यापूर्वी ती पाण्याने भिजवावी, ढवळावी आणि राखेजवळ हात नेऊन ऊब उरली नाही याची खात्री करावी. हे काम दरवर्षी घरातल्या सर्वांत लहान मुलाने मोठ्याच्या देखरेखीखाली करावे, अशी प्रथा पाडली तर विस्तवाचे भान लहानपणीच येते. जिथे शेकोटी चालत नाही, तिथे मध्ये एक कंदील पुरतो. माणसांना जवळ आणते ते लाकूड नव्हे. भोवतीचा अंधार आणि मधला एक उजेड यांमुळेच ती वर्तुळात बसतात.

आणखी काही दक्षता थोडक्यात. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडांमुळे होतो आणि कोरड्या ऋतूत त्याचा धोका वाढतो. म्हणून त्या भागातील आरोग्य खात्याच्या सूचना पाहूनच जावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि पाचोळ्यावर थेट बसू नये. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू नयेत. रात्री तंबूबाहेर जाताना पायांसमोर विजेरी धरावी. खाद्यपदार्थ तंबूत ठेवू नयेत. वासाने वानरे आणि रानडुकरे येतात. अनोळखी नदीत किंवा कोंडीत पोहण्याचा मोह टाळावा. आणि निघताना आपला कचरा तर न्यावाच, शिवाय दुसऱ्याने टाकलेली एक पिशवीही भरून आणावी. शेवटची ही कृती दरवर्षी झाली, की मुले पुढे कोणाबरोबरही रानात गेली तरी रिकाम्या हातांनी परतत नाहीत.

मोडते कशी, टिकते कशी

परंपरा मोडण्याची कारणे बहुतेक वेळा मोठी नसतात. पहिले कारण अतिरेक. दरवर्षी नवे ठिकाण, नवी साधने, आधीपेक्षा चांगली छायाचित्रे या शर्यतीत मुक्काम खर्चिक होतो आणि मग टळतो. दुसरे कारण सक्ती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आईवडिलांबरोबर वर्तुळात बसणे अवघड वाटू लागते. अशा वेळी त्याला मित्राला बरोबर आणू द्यावे, वेगळा तंबू लावू द्यावा, एखादी रीत बदलू द्यावी. चिठ्ठ्यांऐवजी त्याला गाणी हवी असतील तर गाणी. रीत वाकू शकली, तरच ती मुलांच्या वाढत्या वयातून पार होते. मोबाइलच्या बाबतीतही वाद घालण्यापेक्षा ठरलेल्या तासापुरते सर्वांचे, मोठ्यांचेही, फोन एका पिशवीत ठेवणे हा मार्ग बरा.

परंपरेची खरी कसोटी मात्र वेगळीच असते. ती एखादे माणूस नसते तेव्हा लागते. गोव्यातल्या कितीतरी घरांत कोणी जहाजावर असते, कोणी आखातात, कोणी इंग्लंड-पोर्तुगालात. दुसऱ्या शनिवारी भाऊ येऊ शकत नाही, बहिणीची सुटी जुळत नाही. अशा वर्षी 'सगळे असतील तेव्हाच जाऊ' असे ठरले, तर तो दिवस पुन्हा येत नाही, कारण सगळे असण्याचा योग दुर्मीळ असतो. जितके असतील तितक्यांनी जावे. दूरच्या माणसाने आपली भाजी कळवावी आणि ती त्याच्या नावाने टोपात पडावी. वहीत त्याच्यासाठी अर्धे पान सोडावे. पुढच्या खेपेला घरी आला की ते तो भरील.

आणि एखाद्या वर्षी आजोबाच नसतात. मृग दाखवण्याचे काम त्यांचे होते. त्या वर्षी मुक्काम रद्द करावासा वाटणे स्वाभाविक आहे आणि वर्षभराचा शोक पाळणाऱ्या घराने तो पाळावाही. पण त्यानंतर जेव्हा तंबू पुन्हा बाहेर निघतो, तेव्हा त्यांचे काम कोणाकडे द्यायचे हे त्या रात्री ठरवावे लागते. बहुधा सर्वांत मोठे नातवंड पुढे येते. ते तीन तारे बोटाने दाखवते, व्याधापर्यंत रेष ओढते आणि नकळत आजोबांच्याच शब्दांत सांगू लागते, कारण ते शब्द त्याने आठ-दहा वर्षे त्याच जागी, त्याच अंधारात ऐकलेले असतात.

यासाठी महागडा तंबू लागत नाही. डिसेंबरातला एक शनिवार, एक टोप, एक कंदील आणि एक वही एवढे यंदा जुळले तरी पुरे. पहिल्या पानावर तारीख घालून ठेवावी. दुसरे पान पुढच्या वर्षी लिहिता येईल.